झिंगाबाईचा कोट

"कोट धुतला? कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" झिंगाबाई किंचाळलीच. "आता ते पिल्लू उपाशी मरेल!"

"सांगायला कशाला हवं? अख्खी इमारत नाक दाबून जिना चढते!" सासूबाई म्हणाल्या.

कोट दोरीवर लोंबत होता, गुलाबाच्या साबणाचा घमघमाट सोडत. मत्स्यालयात ठेवला तर तिथले लोक धुवून टाकतील, म्हणून ती तो रोज घरी आणायची. घ्या आता! ओलाच कोट काखोटीला मारून ती कामावर धावली.

काम म्हणजे तिथल्या थंडगार खोलीत पेंग्विनचं एक पिल्लू जगवायचं. ध्रुवाकडे हे पक्षी समुद्रात बारीक झिंगे न् मासे खातात आणि परत येऊन ते अर्धवट पचलेलं पिल्लाच्या चोचीत ओततात. या पिल्लाची आई गेलेली. बाप? तो मेला नुसता ऐटीत फिरतो, पोराकडे ढुंकून बघत नाही. म्हणून ही झिंगे-मासे वाटून लगदा करायची आणि बाहीत नळी लपवून भरवायची. नावही त्यावरूनच पडलेलं.

त्या वासाची बाही जवळ आली की पिल्लू आ करायचं. आज बाहीला गुलाबाचा वास. त्यानं सरळ पाठ फिरवली.

"अरे बाबा, खा की!"

नाही म्हणजे नाही. दुसरा कोट झाला, नुसती नळी झाली. कालपासून ते मलूलच होतं. डॉक्टर म्हणाले, "आज पोटात काही गेलं नाही, तर उद्या काही खरं नाही." हे सांगायला डॉक्टर कशाला हवा होता!

शेवटी तिचं डोकंच फिरलं. बादलीतला लगदा तिनं बचाबचा उचलून कोटावर, मानेवर, केसांवर थापला. "घे! आता तरी ओळख, कारट्या!"

पिल्लानं मान वळवली, बाहीत चोच खुपसली आणि बकाबका गिळायला लागलं. झिंगाबाईला रडू फुटलं. रडता रडता ती त्याला शिव्याच घालत होती.

संध्याकाळी सासूबाईंनी दार उघडलं आणि त्या दोन पावलं मागेच सरल्या.

"जेवलं का ते?"

"जेवलं."

"आणि तू?"

सकाळपासून तिच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. आंघोळीला जायचंही त्राण उरलं नव्हतं. ती दारातच बसली. सासूबाई पुटपुटत ताट घेऊन आल्या. तिनं हात पुढे केला.

"शी! ते हात लावू नकोस ताटाला!" त्यांनी एका हातानं नाक दाबलं, दुसऱ्यानं घास उचलला. "आ कर."