आवाज काढून दाखवा

“सांगू नका म्याडम, आवाज काढून दाखवा.”

ढाणकीला राहायला आले त्या पहिल्याच महिन्यात गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी मला त्यांच्या दुकानापुढे, भर रस्त्यात हे फर्मावलं. माझी स्कूटर चढावर कसलासा आवाज करायची. शेजारी गावोगाव सवारी नेणारे काळी-पिवळी जीपवाले चहा पीत उभे. फुलसावंगीच्या शाळेत मी मुलांपुढे माकडापासून मोरापर्यंत सगळे आवाज काढते, पण तिथं माझी वाचाच बसली. शेवटी मान खाली घालून ‘खर्र खर्र’ केलं. मिस्त्रींनी गंभीरपणे विचारलं, “गाडी थंडी असताना का गरम झाल्यावर?” गरम झाल्यावर, म्हटलं. “मंग तसा काढा ना.”

तुम्ही त्या दुकानासमोर घटकाभर उभे राहिला असता तर तुमचीही छान करमणूक झाली असती. कापसाचे एक बडे व्यापारी होते, एरवी त्यांच्यापुढे कुणाचा आवाज चढत नसे. तेही इथं गाल फुगवून ‘ठक ठक’ करत. ट्रॅक्टरवाले तर चढाचा वेगळा आणि उताराचा वेगळा, असे दोन्ही करून दाखवत. वरून बारीक ‘टिक टिक’ म्हणजे व्हॉल्व्ह सैल, रेस दिल्यावर ‘चिर्र’ म्हणजे पट्टा, असा मिस्त्रींचा निवाडा असे. मग खात्रीसाठी चालू इंजिनला लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं आणि त्याची मूठ कानाला लावायची. आतून जड ‘ठक ठक’ आली, म्हणजे इंजिन जाम व्हायच्या बेतात; मग मात्र ते गाडी जागची हलू देत नसत. मालक कितीही घाईत असो, शिव्या खाऊन जायचा.

काही वर्षांनी ती मूठ कानावरून दातांत आली. दातानं बारीक समजते, असं ते म्हणत. आम्ही आवाज काढला की “जरा मोठ्यानं” म्हणू लागले. काय झालंय ते सगळ्या गावाला कळलं, आणि कुणीही ते बोललं नाही. लोक नुसते थोडे जवळ सरकून, तोंड चांगलं उघडून आवाज काढू लागले. व्यापारीसुद्धा. मला तेव्हा या गावाचा फार अभिमान वाटला होता.

मग एक दिवस एका तरुण ड्रायव्हरनं आपली काळी-पिवळी दाखवायला आणली. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर दातांत धरला, पट्टा कसला आणि जा बिनघोर म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती भरल्या सवारीनिशी उमरखेडच्या रस्त्यावर जाम झाली. सुदैवानं कुणाला काही झालं नाही, सवारी चिडून पायी निघाली एवढंच. ड्रायव्हरनं गावभर सांगितलं की ऑइल टाकायचं मीच विसरलो.

इंजिन खोललं मिस्त्रींनीच. संध्याकाळी ते एक पाटी घेऊन माझ्याकडे आले. माझं अक्षर चांगलं, म्हणून त्यांना ‘दुकान बंद’ असं लिहून हवं होतं.

“पोरगा माह्यासाठी खोटं बोलला, म्याडम,” ते म्हणाले. “ऑइल भरेल होतं. ठक ठक मलेच आयकू आली नाही. माहे कान गेले.”

मी जवळ जाऊन मोठ्यानं सांगितलं, की ते आम्हाला केव्हाचं माहीत आहे. सगळ्यांनाच.

त्यांनी पाटी खाली ठेवली. “मंग गाड्या काहून आणता माह्याकडे?”

तुम्ही आमचे मिस्त्री आहात, एवढंच मी म्हटलं. ते मला वडिलांसारखे वाटत, हे त्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं. पाटी मी लिहून दिली. पण ती टांगण्याआधी ती जीप चालू करून देईन, असं ते म्हणाले, आणि एकट्यानं सगळं इंजिन बांधलं.

गेल्या हिवाळ्यात ते वारले. मला मात्र आठवतात ते त्या जीपच्या ट्रायलच्या सकाळचे. मिस्त्री पुढच्या सीटवर बसले होते आणि मी शाळेला जायला मागे, सवारीत दाटीवाटीनं बसले होते. काळी-पिवळीत कधी कुणी गप्प बसतं का? सोयाबीनचा भाव, कुणाचं लग्न, रडणारी पोरं, सगळं एकदम चालू असतं. पण त्यांनी डॅशबोर्डवर पंजा ठेवून डोळे मिटले, आणि मागचं बोलणं एकेक करून थांबलं. एका बाईनं तर मोबाइलवरचं गाणं बंद केलं. त्यांना ऐकू येत नाही हे ठाऊक असूनही, फुलसावंगी येईपर्यंत कुणी शब्द काढला नाही.

ड्रायव्हरनं जीप उभी केली, इंजिन बंद केलं. पंज्याखालची थरथर थांबली तसे त्यांनी डोळे उघडले.

“चांगली चालून राह्यली,” ते म्हणाले. “पुढच्या येळी दुसऱ्याले दाखवजो, बाप्पा.”

ड्रायव्हरनं मान डोलावली, आणि उतरून त्यांच्या बाजूचं दार उघडायला गेला.