शाल, नारळ आणि आमची नवी टीम

आमच्या सिंदीत हॉकीची मॅच पाहायला लोक कमी येतात, टोमणे मारायला जास्त. मी तर हक्कानं जायचे, कारण बॅकला खेळणारा माझाच नवरा. चाळिशी उलटली, पोट सुटलं, गुडघ्याला पट्टा आला, तरी बाबा जागा सोडेना! बॉल बाजूनं निघून गेला की हा नुसता वळून बघायचा, एसटी चुकल्यासारखा.

मी मैदानालगतच्या नाल्यावरच्या पुलियावर बसून ओरडायचे, "अरे कमिटीवाल्यांनो, म्हातारे काढा, पोरं घ्या! टीम हाये का वरात?"

तीन वर्षं ओरडले. कमिटी म्हणजे तिघं जण, सायकलच्या दुकानामागं बसून टीम ठरवणारे. एक दिवस अध्यक्षच बाजारात भेटले.

"वहिनी, तुमचं पटलं आमाले. टीम नव्यानं बांधतो. सुरुवात भाऊपासूनच."

ओरडणं वेगळं आणि कुणी ऐकणं वेगळं! पण माघार कोणत्या तोंडानं घ्यायची? "करा," म्हटलं.

आता, आमच्याकडे 'बस झालं तुझं' असं कोणी तोंडावर सांगत नाही. सत्कार करतात. शाल अंगावर पडली की माणसानं समजून घ्यायचं. आमचा भोळा सांब मात्र पत्रिका बघून हरखला.

"पाह्य वं, माहा सत्कार हाये! आन् मंग लगेच मॅच."

त्यानं बूट पॉलिश केले, स्टिकला नवी पट्टी गुंडाळली. खरं सांगून टाकावं असं दहादा वाटलं, जीभ उचलेना. डोळे भरून आले तेव्हा गुपचूप कांदे चिरायला घेतले.

रविवारी शाल पडली, नारळ हातात आला आणि अकरा जणांची यादी वाचली. त्यात हा नव्हता. शालीसकट तसाच उभा राहिला बिचारा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग त्यानं माइक मागितला.

"मले राग नाई. पोट मलेबी दिसते. पन तीन वर्षं ज्या आवाजानं टीम बांधली, त्याले बाहेर काऊन बसवता? कमिटीत घ्या ना!" आणि बोट सरळ माझ्याकडे.

टाळ्याच टाळ्या! नाही म्हणायला जागाच ठेवली नाही मेल्यानं.

झालं. पुढच्या रविवारी मी अध्यक्षांच्या शेजारी खुर्चीवर. टीममध्ये मीच निवडलेली पाच पोरं. चांगली पळत होती, फक्त बॉल एकीकडे आणि ती दुसरीकडे. बॅकला तर कोणी थांबायलाच तयार नाही. धडाधड गोल बसले. मी पदर तोंडाला लावून खाली बघत होते.

सहावा गोल झाला आणि पुलियावरून, माझ्याच जागेवरून, ओळखीचा आवाज आला. नवरा बसला होता, सत्काराच्या नारळाचं खोबरं चावत.

"अरे कमिटीवाल्यांनो," तो ओरडला, "त्या बाईचा सत्कार करा रे!"