चोरपाय नाचाचा कर्ता

रफूवाल्या आत्याचा डावा पाय जन्मापासून आखूड. तयार कपड्यांच्या दुकानामागच्या खोलीत ती दिवसभर मशीनवर बसून पँटी कमी करायची, उसवलेली अस्तरं टाचायची. बसलेली असली की कुणाला काही कळायचं नाही, उठली की कळायचं. म्हणून ती उठायचीच कमी.

गावाला मात्र तिची चाल तोंडपाठ होती. ‘एक पाय राजा, एक पाय चोर, चोराच्या मागे नाचतो मोर’ हे गाणं बालवर्गात शिकवत आणि कुठल्याही समारंभात जेवणं आटोपली की बँडवर वाजवत. ‘राजा’ला ताठ पाऊल, ‘चोर’ला गुडघ्यावर हात टेकून कमरेतून झोल. म्हातारेकोतारेही रांग धरून नाचत. आत्या तेवढ्यात चप्पल शोधायच्या निमित्ताने बाहेर सटकायची.

गाण्याचा कर्ता कोण, यावरून बालवर्गाच्या बाई आणि बँडमास्तर यांच्यात विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. मुलांना ताल कळावा म्हणून मी रचलं, असं बाई सांगत. “बाईंना धड टाळी धरता येत नाही, त्या काय चाल लावणार?” असं मास्तर म्हणत. सभागृहाच्या वर्धापनदिनी खऱ्या कर्त्याचा सत्कार करायचं ठरलं, तेव्हा दोघंही आत्याला साक्षीला ओढायला आले. तिच्या लहानपणच्या गल्लीतच हे गाणं पहिल्यांदा ऐकू आलं, एवढं दोघांना मान्य होतं.

आत्याने नाहीच म्हटलं असतं. पण त्याच आठवड्यात भाचीचं लग्न ठरल्याची पार्टी होती आणि तिने भाचीच्या वडिलांकडे, आपल्या दादाकडे, शब्द टाकला होता, “एवढं एक गाणं नको लावूस.”

दादा हसला. “तुझ्यापायी लोकांनी काय हाताची घडी घालून बसायचं?”

वर्धापनदिनाच्या सभेत ती मशीनपुढच्या स्टुलावरून उठल्यासारखी सावकाश उठली. “गाणं बाईंचं नाही, मास्तरांचंही नाही. माझ्या दादाचं आहे. मी दूध आणायला निघाले की तो गल्लीतली पोरं रांगेने माझ्यामागे सोडायचा. ‘चोर’ म्हटलं की सगळी माझ्यासारखी वाकायची. मी रडले की हा मोर व्हायचा.”

मग तिने पहिल्या रांगेतल्या दादाकडे पाहिलं. आता त्याची मान खाली जाईल, या एका क्षणासाठी तिने सगळा जन्म तोंड मिटून काढला होता.

दादाने मांडीवर थाप मारली. “अरे, खरंच की! मी साफ विसरलो होतो!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. “एवढा मोठा कर्ता आपल्यातच बसलेला आणि आपल्याला पत्ता नाही!” अध्यक्ष म्हणाले.

“तरी मी म्हणतच होतो, बाईंचं नाही,” मास्तर म्हणाले.

“मास्तरांचं नाही, यातच सगळं आलं,” बाई म्हणाल्या. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच दोघं एकमेकांकडे बघून हसले.

आत्या उभीच होती. तिला बसा म्हणायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

पार्टीला दादा सत्काराची शाल पांघरूनच आला आणि माईक त्याने हातातून सोडला नाही. बँड सुरू झाला. आत्या दाराकडे वळली, तोच भाचीने तिचं मनगट पकडलं.

“आत्या, पळायचं नाही हं! आज तू सगळ्यांच्या पुढे. फोटो काढायचाय.”

“सोड गं, मला नाही जमत.”

“तुला नाही जमत? मग कुणाला जमणार?” सगळे खो-खो हसले.

तिला मधोमध आणून सोडलं. मागे रांग लागली. आत्याने कधी नव्हे ते अंग आवळलं, दात-ओठ खाऊन पाय रेटला आणि जमेल तेवढी सरळ चालली. रांगेचा ताल चुकला. लोक एकमेकांवर आदळले.

“आत्या, चुकतंय तुमचं,” होणारा जावई अदबीने म्हणाला. “‘चोर’ला वाकायचं असतं.”

दादाने बँड थांबवला. “नीट कर की गं,” तो माईकवरूनच म्हणाला. “आता त्याला माझं नाव आहे.”

बँड पुन्हा सुरू झाला. आत्याने गुडघ्यावर हात ठेवला आणि ‘चोर’ला वाकली.