पडद्यावरची विहीर

वडिलांची बदली नाशिकला झाली तेव्हा मी बारा वर्षांची असेन. गावात मनासारखी जागा मिळेना, म्हणून गंगापूरच्या रस्त्याला, घरं संपून मळे सुरू होत तिथे, आम्ही दोन खोल्या भाड्याने घेतल्या. मागच्या दाराला लागूनच एका माळ्याचा मळा होता. शेवंती, झेंडू, मेथी, वांगी. मधे विहीर आणि विहिरीवर मोट. सकाळी जाग यायची ती मोटेच्या कुरकुरण्याने.

मळ्यात तीन माणसं राहत: म्हातारी, तिचा मुलगा आणि सून. आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात घरमालकीणबाईंनी आईला बाजूला घेऊन सांगितलं, "भाजी घ्यायची ती म्हातारीच्या हातून घ्या. फुलंसुद्धा. ती दुसरी आहे ना, तिच्या हातून काही घेऊ नका."

"का? काही सोवळ्याओवळ्याचं आहे का?"

"ते परवडलं असतं. अहो, ती त्यांची सून नव्हे. सून मागच्या उन्हाळ्यात विहिरीत गेली. वर आलं ते दुसरंच काहीतरी."

आई हसली. संध्याकाळी वडिलांना सांगितलं तेव्हा तेही हसले. पण दुसऱ्या दिवसापासून आई मला मळ्यात एकटीला पाठवीना.

मी मागच्या उंबऱ्यावर बसून बघत असे. ती विशीची असावी, बारीक, सावळी. भर दुपारी, बाकी सगळे सावलीला गेले की ती विहिरीवर न्हायची आणि केस मोकळे सोडून वाफ्यांमधून हिंडायची. सवाशीण बाई दिवसाढवळ्या केस मोकळे सोडून हिंडते, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. तिला कुणी हाक मारत नसे. म्हातारी जेवणाची थाळी जांभळीखालच्या दगडावर ठेवायची आणि मागे न बघता झपाझप झोपडीकडे निघून जायची. नवरा मोट हाकत असला आणि ही जवळून गेली, तर तो बैलांची तोंडं दुसरीकडे वळवायचा. त्याच्या दंडाला नवा ताईत होता. अवसेला विहिरीच्या काठावर दहीभात ठेवलेला असे. एकदा तो दहीभात ती स्वतःच खाताना मला दिसली. खाता खाता तिने वर बघितलं आणि ती माझ्याकडे बघून हसली. मी आत पळाले.

त्या सुमारास गावात बोलपट येऊ लागले होते. एका थेटरात दुपारचा खेळ फक्त बायकांसाठी लावला. बोलपट सासुरवाशिणीवरचा होता. पाहून आलेल्या बायका म्हणत, "अगदी खरं दाखवलंय हो, आपलंच दुःख." वडिलांनीही तो बोधप्रद आहे असं ऐकलं होतं, म्हणून त्यांनी आईला जायची परवानगी दिली. आई मला घेऊन निघाली. आम्ही मागच्या वाटेने मळ्याच्या बांधावरून जात होतो, तर ती समोर येऊन उभी राहिली. नेसूचं धड लुगडं, केस अजून ओले.

"कुटं चाल्ल्या बाई? शिनेमाला? मला बी न्या."

आईने माझा हात घट्ट धरला. "तुझ्या सासूला विचार आधी."

"ती मला व्हय बी म्हनत नाय आन् नाय बी म्हनत नाय," ती म्हणाली आणि आमच्या मागोमाग चालायला लागली. आईने तिला परत फिर म्हटलं नाही. का, ते मला तेव्हा कळलं नाही. वाटभर मी तिच्या पावलांचा आवाज ऐकायचा प्रयत्न करत होते. मातीत तो येत नव्हता.

थेटर बायकांनी खच्चून भरलं होतं. दारं लावून घेतली आणि उकाडा, मोगरा आणि तान्ह्या पोरांच्या दुधाचा वास यांचा एक गोळाच झाला. आम्ही भिंतीकडेच्या बाकावर बसलो. गावातल्या एकदोघींनी तिला ओळखलं असावं, कारण आमच्या पुढचा बाक हळूहळू रिकामा झाला.

बोलपटातली सून गोरीपान होती. सासू डोळे वटारून ओरडायची, तापलेल्या उलथन्याने डाग द्यायची. नवरा बिचारा मुंबईला, त्याला काहीच माहीत नाही. शेवटी सुनेवर आळ आला. ती विहिरीवर गेली, काठावर उभं राहून तिने एक लांबलचक गाणं म्हटलं आणि उडी टाकली. पडद्यावर नुसती विहीर राहिली, पाण्यावर गोल गोल तरंग. थेटरभर हुंदके. आईसुद्धा पदर डोळ्यांना लावून बसली होती.

तेवढ्यात पडद्यावरच्या त्या पाण्यातून एक काळं डोकं वर आलं. मग खांदे. मोकळ्या केसांची एक बाई विहिरीतून सावकाश वर येत होती.

पुढच्या बाकांवरून किंकाळी फुटली. मी शेजारी पाहिलं तर जागा रिकामी. ती मधल्या वाटेत जाऊन उभी होती, आणि पडद्यावर तिचीच सावली पडली होती.

"आता वर काढा की तिला!" ती म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "मोटेचा नाडा टाका कुनीतरी. थांबलात काय?"

बायका उठल्या, पोरं रडायला लागली, कुणीतरी "तीच ती, मळ्यातली" असं ओरडलं आणि दारापाशी चेंगराचेंगरी झाली. खेळ बंद पडला. दारं उघडली, लख्ख ऊन आत आलं. ती अजून तिथेच उभी होती आणि पांढऱ्या पडद्याकडे बघत होती. आई उठली, तिच्याजवळ गेली आणि तिने तिचं मनगट धरलं. घरमालकीणबाईंच्या सांगण्यानंतर तिला कुणी हात लावलेला मी पहिल्यांदाच पाहत होते.

(आई पुढे अनेकदा म्हणायची की ती बुटकी होती, मधल्या वाटेत उभी राहिली तरी तिची सावली एवढ्या उंचावर पडायला नको होती. मला त्यातलं काही कळत नाही. सावली मी पाहिली आहे.)

परतताना रस्त्याकडेच्या वडाखाली आम्ही बसलो. आई पदराने वारा घेत होती. ती मात्र शांत होती. आईने विचारलं, "अगं, असं का ओरडलीस?"

"मला वाटलं, फुडचं दावतील."

"पुढचं म्हणजे?"

"ती वर येती ते."

आणि मग तिने सांगितलं. रडली नाही, आवाज चढवला नाही. बाजाराची हकिकत सांगावी तसं सांगितलं.

"ती शिनेमातली सासू लय खोटी, बाई. अशी वरडती व्हय कुनी? वरडली तर शेजारपाजारी ऐकत्यात. आमची म्हातारी मला कदी वरडली नाय, हात लावला नाय. भाकरी केली की म्हनायची, 'असू दे.' पानी आनलं की, 'असू दे.' पोर व्हईना, तर त्याला बी, 'असू दे, तुज्याकडून एवढंच व्हायाचं.' सकाळपास्नं निजेपतूर तेवढंच. कुनाला सांगू? सांगितलं तर मान्सं म्हनतील, किती गरीब सासू हाय. आन् नवरा कुटं मुंबैला न्हवता. तितंच बसून भाकर खायाचा."

"आणि म्हणून तू...?"

"ठरवलं बिरवलं काय न्हवतं. गानं बी म्हनलं नाय." इथे ती जरा हसली. "दुपारची पान्याला गेले, खाली वाकले, आन् वाटलं, आता परत उबं ऱ्हायाला नको. तेवढंच."

उन्हाळ्यामुळे विहिरीला पाणी कमी होतं. ती बुडाली, वर आली, आणि हाताला आत एक कपार लागली. पारवे बसतात तशी. त्या कपारीत ती अंग चोरून बसली. दातखीळ बसल्यासारखी झाली होती, हाक मारता येईना. वरून म्हातारीने आणि मुलाने डोकावून पाहिलं. त्यांना पाण्यावर नुसता हंडा तरंगताना दिसला. गळ टाकून शोधणारा माणूस बोलावला, आणि तो येईपर्यंत दोघं काठावर बसून राहिली.

"विहिरीत आवाज लय सपष्ट येतो, बाई. मी समदं ऐकलं. म्हातारी म्हनली, फौजदाराला सांगू, पाय घसरला. मग म्हनली, निफाडला मामाला निरोप धाड, त्याच्या मेव्हनीची पोर लग्नाची हाय. मी अजून वल्लीच व्हते. त्यो काय म्हनला, ठावं हाय?"

आईने मान हलवली.

"म्हनला, 'शेवंतीचा तोडा झाल्यावर बगू.'"

रस्त्यावरून एक बैलगाडी गेली. तिची धूळ सावकाश खाली बसली.

"मग मला वाचा फुटली. मी म्हनलं, 'अवो, मी हाय हितं.' विहिरीतला आवाज, कसा घुमला आसंल! दोगं बी बोंबलत पळाली. मी दगडांना धरून धरून माजी मीच वर आले. दारात जाऊन उबी ऱ्हायले तर म्हातारीनं मीठ-मोहऱ्या फेकल्या तोंडावर. मी रडले, पाया पडले, मीच हाय म्हनले. माज्या भावाला बोलावलं. त्यो फाटकातच उबा ऱ्हायला, माज्या पायाकडं बगितलं, उलटं हायेत का सुलटं, आन् तितूनच गेला."

"पाय तर सरळच आहेत की!" मी न राहवून म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं. "व्हय. पर एकदा तसं बगितल्यावर मान्साला सरळ बी उलटं दिसतं."

आई म्हणाली, "मग तू कायमची अशीच राहणार? लोकांना सांगून टाक. मी सांगते हवं तर. हे येतील बरोबर."

"नको," ती पटकन म्हणाली. त्या सबंध दुपारी पहिल्यांदाच ती घाबरलेली दिसली. "नको बाई, पाया पडते. आता मला कुनी कायच म्हनत नाय. पोटाला मिळतं, केस सुकवते, दुपारची निजते. मेल्यापास्नं बरी हाय मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतः बांधावर गेली, तिच्या हातून शेवंतीची फुलं घेतली आणि तिच्या कपाळाला कुंकू लावलं. घरमालकीणबाईंनी महिनाभर आमच्याकडचं पाणी घेतलं नाही.

पुढे मी पुष्कळ बोलपट पाहिले. त्यांत बायकांचे हाल असतात, आणि ते अगदीच खोटे असतात असं मी म्हणणार नाही. डाग खाल्लेल्या बायकाही मी पाहिल्या आहेत. पण बाई मेली की पडद्यावरची सगळी माणसं एकाएकी चांगली होतात, सासू ऊर बडवते, नवरा वेडा होतो, हे पाहिलं की मला त्या विहिरीच्या काठावर बसून तोड्याचा हिशेब करणारी ती दोघं ऐकू येतात. आणि वर आलेल्या बाईचं काय करायचं, ते कुठल्याच बोलपटाला ठाऊक नसतं.

तोडा झाला आणि निफाडची मुलगी खरंच आली. माझ्याहून दोनतीन वर्षांनीच मोठी. तिला कुणी काय सांगितलं होतं कोण जाणे, पण ती थोरलीला भ्यायली नाही. म्हातारीने तिच्याही पहिल्या भाकरीला 'असू दे' म्हणायला तोंड उघडलं असेल, तेव्हा काय झालं ते मी पाहिलं नाही. एवढंच पाहिलं की धाकटी चुलीपाशी असली की थोरली केस मोकळे सोडून दाराच्या चौकटीत येऊन उभी राहायची. बोलायची काही नाही, नुसती म्हातारीकडे बघत राहायची. म्हातारी खाली मान घालून मुकाट्याने जेवायची. काही दिवसांनी त्या दोघी जांभळीखाली एका थाळीत जेवताना दिसू लागल्या, आणि धाकटीच थोरलीची वेणी घालू लागली.

वर्षभरात वडिलांची मनमाडला बदली झाली. टांगा दारात उभा होता, सामान चढत होतं. धाकटी टोपलीभर वांगी घेऊन आली. मी तिला हळूच विचारलं, "तुला तिची भीती वाटत नाही?"

"हॅट," ती म्हणाली. मग इकडेतिकडे बघून माझ्या कानाशी लागली. "तिनं मला विहिरीत उतरवलं व्हतं. दुपारचं, कुनी नसताना. कपार कुटं हाय, पाय कुटल्या दगडावर द्यायचा, समदं दावलं. म्हनली, कदी लागलंच तर तुला ठावं असावं."

आगगाडीत मी हे आईला सांगितलं. आईने खिडकीबाहेर पाहिलं. ऊन फार होतं, शेतांत कुणी नव्हतं.

"बरं केलं तिनं," ती म्हणाली, आणि खिडकीची झडप खाली ओढली.