पालथी डिश

नांदेडच्या प्रयोगशाळेत मी सारं वर्ष बुडबुडे फोडत होते. घरी नायगावला कुणी विचारलं की वडील छाती फुगवून सांगायचे, "पोरगी आवाजानं पेशीत औषध घालून राहिली." मी मान खाली घालायचे, कारण एकाही पेशीत काही जात नव्हतं.

काम सांगायला सोपं. चरबीचं पातळ कवच आणि आत वायू, असे डोळ्यांना न दिसणारे बुडबुडे जिवंत पेशींच्या द्रवात सोडायचे. सोनोग्राफीत असतो तसल्या, कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाने ते हलवायचे. बुडबुडा फुगतो, आकसतो, शेजारच्या पेशीच्या पडद्याला बारीक भोक पाडतो आणि बाहेरचं औषध आत शिरतं. पडदा पुन्हा मिटतो, पेशी जगते. सरावासाठी आम्ही औषधाऐवजी हिरवा चमकणारा रंग वापरायचो. मला सूक्ष्मदर्शकाखाली नुसता काळोख दिसायचा.

माझ्या मार्गदर्शक मॅडम लातूरच्या, शब्दाच्या पक्क्या. त्यांनी एक दिवस अडुळशाच्या वाळक्या पाल्याचं गाठोडं माझ्या टेबलावर ठेवलं. "या आठवड्यात हिरवं दिसलं नाही, तर हा विषय बंद. सोमवारपासून याचा अर्क काढायचा." अडुळशाने माझं काय घोडं मारलं होतं, पण मला त्या गाठोड्याकडे बघवेना.

त्यातच वेळ अमावस्या आली. आमच्याकडे त्या दिवशी गाव ओस, सगळे शेतात. कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपीत, पूजा, मग मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि ताकात ज्वारीचं पीठ घालून आंबवलेली आंबील. ती मडक्यात, वर फडकं बांधून डोक्यावरून न्यायची रीत. यंदा काकांना मोटारसायकलची हौस. त्यांनी आंबील थंड पेयाच्या रिकाम्या बाटल्यांत भरली आणि झाकणं गच्च आवळली. आंबलेली वस्तू, त्यात आमचा रस्ता! कोपीपाशी पहिलं झाकण फिरवलं आणि काकांचा इस्त्रीचा सदरा आंबिलीने न्हाला. काकू हसता हसता खालीच बसली.

"देवाच्या आधी तुमालाच निवद," ती म्हणाली.

दुसरी बाटली वडिलांनी घेतली. झाकण हळूच सैल करून वायू जाऊ दिला, पुन्हा लावलं. पीठ तळाला चिकटून बसलं होतं, म्हणून त्यांनी बाटली उलटी धरली. तळ वर गेला आणि सगळे बुडबुडे सरसर चढून त्या पिठाला भिडले.

माझ्या पेशीही डिशच्या तळालाच चिकटलेल्या असतात. माझे हलके बुडबुडे मात्र वर तरंगत राहतात. वर्षभर दोघांची गाठच पडली नव्हती.

"बाबा, मला आत्ताच नांदेडला जायचंय."

"जेवून जाय. पेशी काय पळून चालल्या न्हाईत."

मी जेवले, आंबील दोनदा मागून प्याले आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी डिश काठोकाठ भरली, वर प्लास्टिकचा पातळ पडदा घट्ट ताणून बसवला आणि पालथी घातली. "उलटी ठेवलीस," मॅडम म्हणाल्या. मी म्हटलं, "मुद्दाम." बुडबुड्यांना वर चढायला वेळ दिला आणि मग यंत्र सुरू केलं.

सूक्ष्मदर्शकाखाली आधी एक हिरवा ठिपका दिसला, मग शेजारी दुसरा, मग जिकडेतिकडे हिरवंच. मला नाचावंसं वाटत होतं. मॅडम मात्र हसल्या नाहीत. "मेलेली पेशीही रंग पिते," म्हणाल्या आणि त्यांनी मेलेल्या पेशी लाल करणारा दुसरा रंग घालायला लावला. मग स्वतः बराच वेळ डोळा लावून बसल्या.

"लाल अगदी थोड्या. बाकीच्या जिवंत आहेत," त्या म्हणाल्या. उठल्या, अडुळशाचं गाठोडं काखोटीला मारलं आणि आपल्या खोलीत घेऊन गेल्या.

मी लगेच घरी फोन लावला. "बाबा, रंग आत शिरला. पेशी जित्या हायत."

 ते म्हणाले, "आता मी लोकायला सांगताना तू मान वर ठिव."