मोटारबोटीच्या सात तारा

वीज डोळ्यांना दिसत नाही, म्हणून सुसंस्कृत माणसाने तिला रंगांची भाषा दिली. आणि ज्याला ती भाषा वाचता येते, त्याला यंत्राचं अंतःकरण वाचता येतं.

हे वाक्य माझंच आहे. अमरावतीच्या एका हायस्कुलात मी विज्ञान शिकवायला लागून दुसरं वर्ष चालू होतं, तेव्हा शाळेच्या मंडळापुढे उभं राहून मी ते म्हटलं. टाळ्या पडल्या. एका वृद्ध सभासदांनी डोळेही पुसले, पण त्यांना मोतीबिंदू होता.

निमित्त मोटारबोटीचं होतं. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे गावातले नामांकित वकील. त्यांना अकोल्याच्या एका जिनमालक पक्षकाराने आपली जुनी मोटारबोट भेट दिली होती. जिनमालकाला बोट कशाला लागत होती, हे कोणी विचारलं नाही. वऱ्हाडात बोट असणं हीच मोठी गोष्ट. ती पाण्यात असावी हा हट्ट कोणाचा नव्हता. बरीच वर्षं ती जिनाच्या शेडमध्ये कापसाच्या गाठींशेजारी पडून होती. तिथून लॉरीवर चढून ती अमरावतीला आली, वकीलसाहेबांच्या अंगणात ठोकळ्यांवर बसली, आणि वकीलसाहेबांनी जाहीर केलं की दसऱ्याला ती वडाळीच्या तलावात उतरेल आणि जिल्ह्याचे डिप्टी कमिशनरसाहेब तिच्यातून फेरी मारतील.

इंजिन परतवाड्याच्या एका मिस्त्रीने दुरुस्त केलं. तो बसगाड्यांचं काम करायचा आणि बोटीला ‘बिनचाकाची बस’ म्हणायचा. त्याचं घोडं तारांवर अडलं. इंजिनाकडून बटणांच्या फळीकडे सात तारा येत होत्या आणि फळीकडची टोकं कोणीतरी कापून टाकली होती. दिव्यांची कोणती, भोंग्याची कोणती, इंजिन बंद करायची कोणती, हे सांगणारा कागद नव्हता. तेव्हा विज्ञान शिकवणारा माणूस म्हणून मला बोलावण्यात आलं.

“मास्तर, हे एवढं जमवा,” वकीलसाहेब म्हणाले, “म्हणजे तुमच्या कायम होण्याचं मंडळापुढे ठेवता येईल.”

मी हंगामी होतो. लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं, पण सासऱ्यांनी तेल्हाऱ्याहून स्वच्छ कळवलं होतं: कायम झाल्याचा हुकूम दाखवा आणि मुलगी न्या. त्यामुळे पत्नीशी माझी ओळख मुख्यतः पोस्टकार्डांतून होती, आणि ती पोस्टकार्डं आधी सासरे वाचत. अशा परिस्थितीत माणूस पोस्टकार्डात हवापाण्याबद्दल फार लिहितो.

मी तारा पाहिल्या. चार लाल, दोन केशरी, एक काळी. मी पुस्तकं उघडली. लाल म्हणजे जाणारा प्रवाह, काळी म्हणजे परतीची तार. केशरीबद्दल पुस्तकात काहीच नव्हतं, म्हणून तिथे मी ‘पूरक प्रवाह’ असं लिहिलं. चार लाल तारा वेगळ्या कशा ओळखायच्या, हा प्रश्न होता. पण बारकाईने पाहिल्यावर मला लालीच्या चार छटा दिसल्या. गरजवंताला दिसतात. त्यावरून मी मोठ्या कागदावर रंगीत शाईने एक चार्ट केला. भोवती वेलबुट्टीची चौकट काढली आणि खाली झोकदार अक्षरात ‘तारारंगबोधिनी’ लिहिलं. वकीलसाहेबांना तो इतका आवडला की मंडळाच्या सभेत त्यांनी तो मला वाचून दाखवायला लावला, दुसऱ्याच दिवशी काच लावून भिंतीवर टांगला, आणि कमिशनरसाहेबांना स्वतः समजावून सांगायचा म्हणून छडी घेऊन पाठ करायला घेतला.

मग आम्ही चार्टाप्रमाणे तारा जोडल्या. दिव्यांचं बटण दाबलं, भोंगा वाजला. भोंग्याचं दाबलं, काहीच झालं नाही. इंजिन तर चालूच होईना.

मिस्त्रीने एक लाल तार नखाने खरवडली, नख नाकाशी नेलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“मास्तर, हा रंग नाही होय. शेंदूर होय.”

“शेंदूर?”

“जिनातली बोट ना हे? खंडेनवमीले जिनातल्या सगळ्या मशिनीची पूजा होते. तेल-शेंदराची वाटी घेतली का हाताचं बोट फिरवत निंगाले. हे चार वायर हाताशी होते, त्याइले दरसाल लागला. हे दोन मांगं होते, त्याइले कवा लागला, कवा नाही. अन् हा काळा उदबत्तीच्या वर होता.”

“म्हणजे लालीच्या छटा...?”

“कोनाचा हात भारी, कोनाचा हलका. दुसरं काय?”

रॉकेलच्या फडक्याने पुसल्यावर सातही तारा मातकट निघाल्या. बोट बनवणाऱ्याने एकाच गुंडाळीतून सातही कापल्या होत्या. पूरक प्रवाहही फडक्यावर आला.

“तुमी रंग वाचून राहिले,” मिस्त्री म्हणाला. “वायर कुठून निंगते अन् कुठं जाते, थे पाहा ना बाप्पा.”

मी शाळेतून एक बॅटरी, टॉर्चचा दिवा आणि परतीच्या प्रवाहासाठी एक लांब तार आणली. इंजिनाकडे तारेच्या एका टोकाला बॅटरी लावायची, फळीकडे एकेक टोक दिव्याला लावून पाहायचं; दिवा पेटला की तार सापडली. प्रत्येकीला चिठ्ठी बांधली. दुपारच्या आत सातही जागेवर बसल्या, दिवे लागले, भोंगा वाजला, इंजिन धडधडलं. हा प्रयोग मी दोन्ही वर्षं वर्गात करून दाखवला होता. तो कशाच्या तरी उपयोगी पडतो, हे मला त्या दिवशी कळलं.

पण भिंतीवर चार्ट होता.

“मी वकीलसाहेबांना सांगून टाकतो, चूक झाली म्हणून,” मी म्हणालो.

“सांगा. अन् मंग तेल्हाऱ्याले कार्ड मी लिहू काय? काय लिहू? का शेंदूर वाचला म्हनून?”

मिस्त्रीने विडी पेटवली आणि बोटीकडे पाहिलं.

“चार्टाले काच लागली, आता थो काही बदलत नाही,” तो म्हणाला. “बोट बदलू.”

तो बाजारात गेला आणि पोळ्याचा उरलेला रंग घेऊन आला. बैलांच्या शिंगांना लावतात तोच. मग बरोबर जोडलेल्या तारा आम्ही चार्टाप्रमाणे रंगवल्या. चार्टात दिव्यांची तार गडद लाल होती, म्हणून दिव्यांची तार गडद लाल केली. छटांपाशी मिस्त्री अडला. “शिंगाले एकच लाल राह्यते मास्तर, चार कुठून आनू?” त्या मला बशीत पांढरा मिसळून कराव्या लागल्या. तासाभरात वस्तुस्थिती विज्ञानाशी जुळली.

दुसऱ्याच दिवशी, दसऱ्याला, बोट तलावात उतरली. काठावर बँड, मांडव, आपट्याची पानं. वकीलसाहेबांनी चार्ट बोटीत आणवला होता. छडी फिरवत ते एकेक तार दाखवत होते, आणि खरोखरच एकेक तार तशीच होती. कमिशनरसाहेबांचं मराठी पुस्तकी होतं, पण डोळे पुस्तकी नव्हते. त्यांनी वाकून एक केशरी तार चिमटीत धरली आणि मग आपला अंगठा पाहिला. तो केशरी झाला होता.

“हा रंग नूतन आहे,” ते म्हणाले.

वकीलसाहेबांची छडी थांबली. “मास्तर?”

माझ्या डोळ्यांपुढून तेल्हाऱ्याची गाडी रिकामी गेली. खोटं सुचेना, म्हणून म्हणालो, “चार्ट आधी झाला, साहेब. तारा नंतर रंगवल्या.”

कमिशनरसाहेब मोठ्याने हसले. “माझ्या कचेरीत हीच पद्धत आहे. आधी अहवाल येतो. मग आम्ही जिल्हा तसा करतो.”

साहेब हसले म्हणून वकीलसाहेब हसले, आणि वकीलसाहेब हसले म्हणून काठावर बँड सुरू झाला. बोटीने तलावाला दोन फेऱ्या मारल्या. मिस्त्रीने मधूनमधून विनाकारण भोंगा वाजवला.

पंधरवड्याने हुकूम आला. दिवाळीनंतर सासऱ्यांनी तो दोनदा वाचला आणि मुलीला घेऊन स्वतः आले. हुकुमात लिहिलं होतं की तारा जोडणं हे मिस्त्रीचं काम आहे, पण असा सुबक चार्ट काढणारी व्यक्ती संस्थेने गमावता कामा नये. सबब मला चित्रकलेचा शिक्षक म्हणून कायम करण्यात येत आहे. विज्ञानाच्या जागेवर वकीलसाहेबांचे भाचे आले.

निवृत्त होईपर्यंत मी चित्रकलाच शिकवली. मला घोडा काढता येत नाही.