तोंडापर्यंत भरलेली टाकी

खोडदच्या सावळारामांनी तीस वर्षं दुधाचा टेम्पो चालवला आणि त्याला कधी ओरखडा येऊ दिला नाही. हे साऱ्या आळीला पाठ आहे, कारण आठवड्यातून दोनदा ते स्वतःच सांगतात. टेम्पो विकला, मुलानं पेट्रोलची गाडी घेऊन दिली, तरी पेट्रोल भरायचा मान त्यांचाच. रविवारी पंपावर नोझल टक् करून थांबलं की हे म्हणायचे, "भर राव, अजून जागा हाय." मग मागून गाडी गदागदा हलवायची आणि पेट्रोल तोंडाशी दिसेपर्यंत ओतायला लावायचं. पंपावरचा माणूस कंटाळायचा, यांची छाती फुगायची.

बाकीचा आठवडा गाडी सुनेकडं. प्राची नारायणगावात माती तपासायच्या लॅबमध्ये कामाला. शिवारं फिरून नमुने आणायचे. ती सोमवारी निघायची आणि समोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा पेटायचा. जुन्नरच्या संघर्षनं गॅरेजात मशीन लावून दोनदा दिवा घालवला. "काका, एक दिवस गाडी ठेवा, नीट बघू," तो म्हणाला होता. "ठिवायची कशाला? दिवा घालव अन् दे," सावळाराम म्हणाले. आठ दिवसांत दिवा परत हजर.

अशात आळीतल्या भागूच्या पोरीचा साखरपुडा आला. कुणीतरी सहज विचारलं, गाडी काय म्हणते. सावळारामांना तेवढंच पाहिजे होतं. "गाडी लई झ्याक. सूनबाईच्या हातात गेली की तिला ताप येतो." मांडव हसला. प्राचीही हसली, आणि घरी आल्यावर चावी मुकाट सासूच्या, अंजनाबाईंच्या हातात ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून ती माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपनं जाऊ लागली. जीप काही बांधापर्यंत जात नाही. एक तारखेपर्यंत गाडीचं जमलं नाही तर फिरतीचं काम दुसऱ्याला देऊ, असं लॅबच्या साहेबांनी तिला सांगितलं. सावळारामांच्या मनात मात्र एकच, बरं झालं, गाडी वाचली. त्यांनी रविवारी टाकी भरली. सोमवारी ते एकटेच ओतूरला निघाले आणि दिवा पेटला. शेजारच्या सीटवर दोष द्यायला कुणी नव्हतं.

गुपचूप जुन्नर गाठलं. संघर्षनं या वेळी गाडी ठेवूनच घेतली. गाडीखालून एक काळा डबा सोडवला. त्यात कोळसा असतो. टाकीतली वाफ हवेत न सोडता तो धरून ठेवतो आणि इंजिनाकडं पाठवतो. डबा तिरका केला तर पेट्रोलची धार लागली.

"काका, ह्यात वाफ पायजे. टाकी किती भरता?"

"पार तोंडापर्यंत," सावळाराम ऐटीत बोलून गेले आणि मग त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

"टक् झालं की थांबायचं असतं. वरची जागा वाफेसाठी सोडलेली. ती भरली की पेट्रोल ह्या डब्यात उतरतं अन् दिवा पेटतो. डिझेलच्या टेम्पोत खपून गेलं, हिला न्हाई चालत."

सावळारामांचे कान गरम झाले. मागंपुढं बघून ते हळूच म्हणाले, "घरून फोन आला तर उंदरानं पाइप कुरतडला म्हण."

संघर्ष हात पुसत राहिला. "वहिनी परवा येऊन गेल्या. मी क्लच चुकीचा दाबते का, गेअर उशिरा टाकते का, दाखव म्हणाल्या. सगळं वहीत लिहून नेलं. आता उंदराला कशाला मधी घेता?"

सावळाराम तिथल्या टायरवर बसले. ती वही त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. आपण चार माणसांत एक वाक्य टाकून हशा घेतला, आणि पोर खरं मानून शिकायला बसली.

घरी त्यांनी सगळं सांगितलं. अंजनाबाई पदर तोंडाला लावून पोटभर हसल्या. प्राची हसली नाही.

"मामा, मला घरात सांगून काय व्हणार? भागूकाकांच्याकडच्या बायका अजून इचारतात, ताप उतरला का."

चार दिवसांनी भागूकडं हळद होती. पंगत बसली तसे सावळाराम उभे राहिले. "त्या गाडीचा दिवा माझ्यामुळं लागत व्हता," म्हणाले, आणि पंगत हसली; म्हातारा नवा किस्सा सांगतोय असं वाटलं.

"हसू नका. पेट्रोल जास्त भरून मी बिघडवली. गेल्या टायमाला सुनेचं नाव घेतलं, ते खोटं व्हतं."

वाढणारा वरणाची बादली घेऊन जागीच थांबला. कुणीच हसलं नाही. "बसा आता, भात निवतोय," भागू म्हणाला. सावळाराम बसले आणि भात कालवू लागले. समोरच्या रांगेत प्राची खाली मान घालून जेवत होती.

संघर्षनं डबा बदलून गाडी दिली होती. एक तारखेला सकाळी तिनं चावी मागितली. वळणावर जपून जा, असं सावळारामांच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं आणि जाऊन फाटक उघडून धरलं.